शेवटचं कोण अडकलं होतं?

मामांनी विद्यापीठ ठरवून टाकलं होतं. शिकायला जायचं होतं मिरीला, कर्जासाठी घर गहाण ठेवायचं होतं तिच्या आईबाबांना, आणि ठरवलं मात्र मामांनी. आईचे हे थोरले भाऊ बत्तीस वर्षं बँकेत होते, त्यातली शेवटची नऊ शाखा व्यवस्थापक म्हणून. त्यामुळे ज्या गोष्टीच्या नावात बँक येते ती आपल्याच परसातली, असा त्यांचा समज होता. भाचीला इन्व्हेस्टमेंट बँकिंगमध्ये जायचंय हे कळल्यावर त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "मग त्यात काय, मी आहे ना."

खरं सांगायचं तर मामांची बँक आणि मिरीची बँक यांचा संबंध नावापुरताच. मामांनी जन्मभर ठेवी घेतल्या आणि कर्जं दिली. मिरीला जिथं जायचं होतं तिथलं काम निराळं. एक कंपनी दुसरी विकत घ्यायला निघाली, की तिची खरी किंमत काढायची, लागणारं भांडवल उभं करून द्यायचं आणि सौदा तडीस न्यायचा. हे तिनं एकदा मामांना समजावून सांगितलं, अगदी कागदावर बाण काढून. सगळं ऐकून मामा म्हणाले, "म्हणजे कर्जच ना शेवटी." तिनं हात टेकले.

मिरी हे तिचं घरातलं नाव, तेही मामांनीच ठेवलेलं. जन्मली तेव्हा एवढीशी होती आणि रडली तेव्हा दवाखान्याचा अख्खा मजला जागा झाला होता. आता ती तेवीस वर्षांची होती. दीड वर्ष एका हिशेबतपासनिसांच्या ऑफिसात तिनं काम केलं होतं आणि तिथंच तिला हे वेड लागलं. खिळ्यांचा एक बंद पडायला आलेला कारखाना होता. सगळे त्याला भंगारात काढत होते. मिरीनं तीन आठवडे त्याची कागदपत्रं उपसली आणि दाखवून दिलं, की शेजारच्या चकाचक कारखान्यापेक्षा याचीच किंमत जास्त आहे. साहेबांनी तिचं नाव अहवालात घातलं नाही, पण किंमत तिचीच धरली. त्या दिवसापासून तिला दुसरं काही सुचेना.

परदेशातल्या तीन विद्यापीठांनी तिला प्रवेश देऊ केला होता. तिन्हींची नावं लांबलचक होती, म्हणून घरात त्यांना टोपणनावं पडली. पहिलं घड्याळवालं. त्याच्या माहितीपुस्तकावर मनोऱ्याचं मोठं घड्याळ होतं आणि जगातल्या यादीत त्याचा नंबर पहिल्या दहात. दुसरं तळ्याचं, कारण त्याच्या प्रत्येक पानावर तळं आणि तळ्याकाठी हसणारी पोरं. तिसरं पुलापलीकडचं. त्याची इमारत धान्याच्या गोदामासारखी दिसायची, यादीत ते नव्वदीच्या पुढं कुठंतरी होतं, आणि त्याची एकच सांगण्यासारखी गोष्ट म्हणजे समोरचा पूल ओलांडला की सगळ्या मोठ्या बँकांचे उंच मनोरे होते.

"घड्याळवालं," मामा म्हणाले. "यात विचार करण्यासारखं आहे काय? नाव ऐकूनच नोकरी देतील."

आई दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर काम करायची. रोज दोनशे माणसांची नावं लिहून घेणारी बाई, पण भावापुढं तिचं पेन चालायचं नाही. ती म्हणाली, "दादा म्हणतोय तर खरं असेल." बाबा लिफ्टचे मेकॅनिक. घरी ते कमीच बोलायचे. दिवसभर यंत्राचा आवाज ऐकून त्यांना शांतता हवी असायची.

मिरी मात्र महिने मोजत होती. शिक्षण संपल्यावर तिकडं नोकरी शोधायला सहा महिने मिळणार होते. तेवढ्यात बँकेत शिरकाव झाला तर झाला. नाही तर गाशा गुंडाळून परत यायचं, आणि या धंद्यात दुसऱ्यांदा सहसा कुणी दार उघडत नाही. जायला एकदाच मिळणार होतं. पुढच्या शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत तिन्हींपैकी एकाला होकार कळवायचा होता.

अर्ज भरून देणारा एक सल्लागार होता. त्याच्या ऑफिसात भिंतभर फोटो होते, काळे झगे आणि टोप्या घातलेल्या मुलामुलींचे. मिरीनं एकदा त्याला विचारलं होतं, "हे सगळे नोकरीला लागलेले ना? मग न लागलेले कुठं आहेत?"

सल्लागार हसला होता. "त्यांचे फोटो कोण लावतं, मॅडम?"

उत्तर बिनतोड होतं. पण तेच तिच्या डोक्यातून जाईना.

शनिवारी सकाळी बाबा चष्मा घरी विसरून गेले. आईनं तो मिरीच्या हाती दिला. बाबांची कंपनी त्या दिवशी एका ऑफिसच्या इमारतीतल्या दोन लिफ्ट देखभालीसाठी ताब्यात घेणार होती. मिरी पोचली तेव्हा बाबा तळमजल्यावर इमारतीच्या मॅनेजरसमोर उभे होते. मॅनेजर कडक इस्त्रीचा, बाबांच्या शर्टावर ग्रीसचा डाग.

"शेवटची कधी अडकली होती?" बाबांनी विचारलं.

"आमच्या लिफ्ट कधीच अडकत नाहीत," मॅनेजर म्हणाला.

बाबांनी हातातली पिशवी खाली ठेवली. ते दाराशी बसलेल्या वॉचमनकडे वळले आणि तोच प्रश्न त्यांनी त्याला जरा फिरवून विचारला. "शेवटचं कोण अडकलं होतं?"

वॉचमननं एकदा मॅनेजरकडे बघितलं, पण खोटं बोलणं त्याच्या जिवावर आलं असावं. "गेल्या महिन्याच्या चौदा तारखेला," तो म्हणाला. "सकाळी सव्वादहाला. चौथ्या आणि पाचव्याच्या मधे. हिशेबाच्या बाई होत्या आत. पंचवीस मिनिटं."

मॅनेजरचा चेहरा बघण्यासारखा झाला. बाबा मात्र यंत्राकडे गेलेच नाहीत. जिना चढून ते पाचव्या मजल्यावर गेले, हिशेबाच्या बाईंच्या टेबलाशी खुर्ची ओढून बसले आणि दहा मिनिटं त्यांनी त्यांना बोलू दिलं. आधी धक्का बसला की आधी दिवा गेला? आवाज डोक्यावरून आला की दाराकडून? बाईंना सगळं आठवत होतं. थांबायच्या आधी दाराकडून तीनदा कट् असा आवाज आला होता. बाबा खाली आले, दाराचं कुलूप उघडलं, आतली झिजलेली पट्टी काढून त्यांनी मॅनेजरच्या हातावर ठेवली आणि मग मिरीकडून चष्मा घेतला.

परत निघताना तिनं विचारलं, "बाबा, तुम्ही सरळ यंत्र का नाही बघितलं?"

"यंत्र बघायला सगळा दिवस गेला असता," बाबा म्हणाले. "नवी लिफ्ट हातात घेताना आमच्यात पहिला प्रश्न हाच. कोण अडकलं होतं? त्याला जाऊन भेटायचं. जे नीट वर गेले त्यांना काय विचारणार? ते मोबाइल बघत होते. अडकलेल्याला सगळं ठाऊक असतं."

"आणि कुणी म्हणालं, की कधीच अडकत नाही?"

"मग तिथं जरा सांभाळून."

मिरी रस्त्यातच थांबली. मागून येणारा सायकलवाला तिच्यावर करवादला, पण तिला ते ऐकूच आलं नाही.

रविवारी तिनं तिन्ही विद्यापीठांना एकच मेल लिहिली. गेल्या वर्षी तुमच्याकडे इन्व्हेस्टमेंट बँकिंगच्या इच्छेनं आलेल्यांपैकी किती जण अडकले? कुठल्या टप्प्यावर? त्यांच्यातल्या एखाद्याशी मला बोलता येईल का? तिनं बाबांना वाचून दाखवली. नेहमीचा तपासणीचा फॉर्म असावा तसा बाबांनी विचार केला. "खाली उत्तर देणाऱ्याचं नाव आणि तारीख माग," ते म्हणाले. "नाव लिहायचं म्हटलं, की माणूस खरं सांगतो." मिरीनं तेही घातलं. अशी मेल जगातल्या दुसऱ्या कुठल्या घरातून गेली नसती. आणि पाठवताना सवयीनं तिनं एक प्रत सल्लागारालाही जोडली. हे म्हणजे हात दाखवून अवलक्षण झालं.

सोमवारी सकाळी सल्लागाराचा फोन आला. मिरीला नव्हे, मामांना. मामा तडक घरी.

"तू पहिल्या दहातल्या विद्यापीठाला विचारलंस, की तुमची किती पोरं नापास झाली? वर सही मागितलीस?"

"नापास नाही मामा, अडकली."

"प्रवेश रद्द करतील ते. अगं, मुलगा बघायला गेल्यावर कुणी विचारतं का, की तुमची आधीची लग्नं किती मोडली?"

"विचारायला पाहिजे खरं तर," आई म्हणाली. मग भावाचा चेहरा बघून ती घाईघाईनं आत गेली.

मामा निघताना दारात थांबले. कर्जाला जामीन तेच राहणार होते आणि ते त्यांनी आडवळणानं बोलून दाखवलं. "मी सही करीन ती घड्याळवाल्यासाठी. त्या गोदामाचं नाव चार माणसांत घेतलं तर लोक विचारतील, ते कुठं आलं?" एवढं बोलून ते गेले. आपण उचलली जीभ आणि लावली टाळ्याला, असं मिरीला वाटू लागलं. खरंच प्रवेश रद्द झाला तर? दर तासाला ती मेल उघडून बघू लागली.

मंगळवारी घड्याळवाल्याचं उत्तर आलं. चाळीस पानांचं नवं माहितीपुस्तक, आणि आमचे विद्यार्थी विविध क्षेत्रांत चमकतात असं एक वाक्य. नाव नाही, तारीख नाही. तळ्याकडून यंत्रानं उत्तर दिलं, की तुमचा प्रश्न आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. बुधवारी काहीच आलं नाही. पुलापलीकडचे तर मेलेच होते जणू.

गुरुवारी दुपारी फोन वाजला. परदेशातला लांबलचक नंबर, पुलापलीकडच्या विद्यापीठाचा. पलीकडे एक कोरडा, दमलेला, बाईचा आवाज.

"मी इथल्या करिअर ऑफिसात असते. तुमची मेल माझ्याकडे यायला चार दिवस लागले, आधी ती वसतिगृहाकडे गेली होती. लिहून घेताय? बावन्न जण इन्व्हेस्टमेंट बँकिंगसाठी आले होते. तेवीस लागले. एकोणतीस अडकले. त्यातले वीस पहिल्याच अर्जाला, सहा मुलाखतीत, तीन जणांनी मधेच विचार बदलला."

मिरीनं आकडे एकाखाली एक लिहून घेतले.

"अकरा वर्षं मी इथं आहे," बाई पुढं म्हणाल्या. "लोक मला खोलीचं भाडं विचारतात, थंडी किती असते विचारतात. हे कुणी विचारलं नाही. त्या एकोणतिसातल्या एकानं तुमच्याशी बोलायचं कबूल केलंय. तुमच्याच भाषेतला आहे. नंबर देते. आणि माझं नाव व तारीख मेलनं पाठवते, तुम्ही मागितलीय म्हणून."

त्याचं खरं नाव काहीही असो, घरात त्या क्षणापासून तो 'अडकलेला' झाला. आता तो तिथंच एका विमा कंपनीत होता. मिरीनं फोन केला, तेव्हा बाबा शेजारी स्टुलावर येऊन बसले.

"कुठं अडकलात?" तिनं भीत भीत विचारलं.

तो हसला, पण त्या हसण्यात फारसा जीव नव्हता. "दाराशीच. बँका पुढच्या उन्हाळ्याच्या उमेदवारीचे, म्हणजे इंटर्नशिपचे, अर्ज जुलैअखेर उघडतात. जागा भरल्या की बंद. मी सप्टेंबरच्या शेवटी इथं उतरलो. महिना गेला खोली शोधण्यात, गादी आणण्यात, मित्र करण्यात. ऑक्टोबरात मला कळलं, की ज्यासाठी आलो ते मी विमानात बसायच्या आधीच संपलं होतं. जे लागले ना, त्यांनी घरून अर्ज केले होते. दहा आठवड्यांची ती उमेदवारी केली, की त्यातूनच कायमचे घेतात. बाहेरून फारसं कुणाला घेत नाहीत."

"आणि घड्याळवालं?" तिनं विचारलं.

"माझा मित्र होता तिथं. नाव मोठं आहे, खोटं कशाला बोलू. पण तुझा तिथला अभ्यासक्रम नऊ महिन्यांचा. म्हणजे मधे उन्हाळाच नाही. उन्हाळा नाही तर उमेदवारी कुठून करणार? बँका तिथं येतात त्या पदवीच्या पोरांसाठी. आमचा सोळा महिन्यांचा आहे, उन्हाळा मधोमध येतो. मुलाखतीला पूल ओलांडून चालत जाता येतं. मी अजूनही रोज ओलांडतो. जेवायच्या सुट्टीत, मनोरे बघायला."

मिरी म्हणाली, "परत संधी मिळाली तर जाल तिथंच?"

"जाईन," तो म्हणाला. "पण जूनपासून."

बाबांनी तिच्या हातातून फोन घेतला. असं त्यांनी जन्मात केलं नव्हतं. "थँक यू हं, बाळा," ते म्हणाले आणि फोन परत दिला.

शुक्रवारी दुपारी मामा पेन खिशाला लावून आले. मिरीनं सगळे आकडे त्यांच्यासमोर ठेवले. बावन्न, तेवीस, एकोणतीस. मामांनी कागद वाचला आणि उलटा करून ठेवला.

"एकोणतीस पोरं वाया गेलेली जागा तू स्वतःहून निवडणार? घड्याळवाल्याकडे असला आकडाच नाही."

"आकडा आहे मामा. तो सांगत नाहीत."

"कशावरून?"

पालथ्या घड्यावर पाणी. घड्याळात साडेतीन झाले होते. मिरीचं रडू फुटायच्या बेतात होतं, पण तिनं ते गिळलं. "मामा, तुम्ही बत्तीस वर्षं कर्जं दिलीत," ती म्हणाली. "समोरचा माणूस बसला, की पहिलं काय विचारायचात?"

"आधी कुठलं कर्ज थकलंय का, हे. दुसरं काय?"

"आणि ज्यानं सांगितलं, की हो, एकदा थकलं होतं, या कारणानं, नंतर फेडलं?"

"त्याला द्यायचो. तो प्रामाणिक." मामा बोलता बोलता थांबले. भाची कुठं घेऊन चालली आहे ते त्यांच्या लक्षात आलं होतं.

"आणि ज्याला काही विचारलंच नाही, नुसतं नाव बघून दिलं, असं कधी झालं का?"

आई हातातलं फडकं घेऊन दारात उभी राहिली. मामांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा पुसला.

"एकदा," ते म्हणाले. "एक गृहस्थ आले होते. मोठं घराणं, सूट काय, गाडी काय. मला विचारायची लाज वाटली. एवढ्या मोठ्या माणसाला कसं विचारायचं, की आधी कुणाचं बुडवलंत का? सात महिन्यांत पळाला. माझी बदली झाली त्याच्यापायी. तुम्हाला सांगितलं होतं बढतीची बदली आहे म्हणून." त्यांनी बहिणीकडे बघितलंच नाही. "बढती नव्हती ती."

आई पुढं आली आणि तिनं भावाच्या खांद्यावर हात ठेवला. चोवीस वर्षं ज्या बढतीचं कौतुक तिनं शेजारीपाजारी सांगितलं होतं, त्याबद्दल ती एक अक्षर बोलली नाही. बाबांनी उठून पंखा मोठा केला.

मामांनी पेन काढलं. "आण ते पुलापलीकडचे कागद," ते म्हणाले. "कुठं करायची सही?"

पाचाला सतरा मिनिटं कमी असताना होकार गेला. सल्लागारानं कपाळाला हात लावला. लावो बापडा.

मग जे सुरू झालं ते काही सोपं नव्हतं. जुलैअखेरपर्यंत थांबायचं नाही, असं अडकलेल्यानंच बजावलं. जूनपासून रोज त्याच्या सकाळी सातला, म्हणजे कामावर जायच्या आधी, तो फोनवर बँकेचा साहेब व्हायचा आणि मिरीला मुलाखतीचे प्रश्न विचारायचा. ही कंपनी एवढ्याला का घ्यावी? हा आकडा कुठून आला? नफा वाढलाय तर रोकड का आटली? ती चुकली की तो म्हणायचा, "पुन्हा." सुरुवातीला तिला त्याचा राग यायचा, नंतर आपलाच. अर्ज उघडले त्या दिवशी मिरीनं पहिले अकरा भरले. एकूण चाळीस भरले. छत्तीस ठिकाणांहून नकार आला. तिकडं पोचल्यावर फोनची जागा पुलाखालच्या कॅन्टीननं घेतली. पण वेळ तीच, सकाळी सात, आणि प्रश्नही तेच. फक्त आता तीही त्याला उलटून विचारू लागली. "तुम्हीही द्या की उत्तर," ती म्हणायची. "नुसतं विचारायला काय जातंय?" तो आधी चाचरायचा. हिवाळा येईपर्यंत त्याची उत्तरं तिच्याहून बरी होऊ लागली होती. नव्यानं अर्ज करा म्हणून ती त्याच्या मागं लागली. "आमचं काय, झालं ते झालं," एवढंच म्हणून तो कप उचलायचा.

उरलेल्या चारांपैकी एका बँकेनं मिरीला उन्हाळ्याची उमेदवारी दिली. दहा आठवडे ती अठराव्या मजल्यावर घासली. एका कंपनीच्या किमतीत तिनं चूक केली, साहेबांनी पकडायच्या आत स्वतः जाऊन सांगितली आणि दुरुस्त करून दिली. घरच्यांना तिनं यातलं निम्मंही सांगितलं नाही. उमेदवार होते चोवीस. कायम ठेवणार होते दहा. निकाल सप्टेंबरात.

सप्टेंबरातला मंगळवार. मिरी विद्यापीठात, करिअर ऑफिसच्या बाहेरच्या बोळात उभी होती. सकाळचे अकरा वाजले होते. फोन आला. बोलणं जेमतेम दोन मिनिटांचं झालं. तिनं दोनदा "हो" म्हटलं, एकदा "धन्यवाद" म्हटलं आणि भिंतीला टेकून उभी राहिली. तिला घेतलं होतं. कायमचं घेतलं होतं.

तिनं आधी आईला फोन केला. आई खिडकीवर होती, समोर रांग. "लागले," मिरी एवढंच म्हणाली. पलीकडून खिडकीची फळी खाली पडल्याचा आवाज आला. एकोणीस वर्षांत ती खिडकी कामाच्या वेळात पहिल्यांदाच बंद झाली. बाहेर कुणीतरी फळीवर टकटक करत होतं आणि आई आतून ओरडून सांगत होती, "थांबा जरा, माझी मुलगी बँकेत लागलीय, तिकडं, परदेशात." आईचा असला आवाज मिरीनं कधी ऐकला नव्हता. बाबांना फोन लागला तेव्हा ते कुठल्याशा गच्चीवर यंत्राच्या खोलीत होते. "ऐकू येत नाही, थांब," म्हणून त्यांनी चालू मोटर बंद केली आणि नीट ऐकलं. मग म्हणाले, "शाब्बास गं माझी मिरी." अर्ध्या तासात मामांचा मेसेज आला. त्यांच्या ओळखीतल्या सहासष्ट जणांना त्यांनी बातमी कळवली होती, विद्यापीठाच्या पूर्ण नावासकट.

आता उरला अडकलेला. मिरीनं फोन केला, त्यानं उचलला नाही. पुन्हा केला, तरी नाही. तिसऱ्यांदा त्याचाच आला.

"मीटिंगमध्ये होतो. बोल, काय झालं?"

"घेतलं मला."

त्यानं एवढा मोठा श्वास सोडला, की तिला तो ऐकू आला. "बरं झालं बाई," तो म्हणाला. "आता सांगतो. तू मागं लागलीस म्हणून मीही अर्ज केला होता, तुला कळू न देता. तुझ्या समोरच्या मनोऱ्यात. विमा कंपन्यांच्या सौद्यांसाठी त्यांना त्यातला अनुभव असलेला माणूस हवा होता. गेल्या सोमवारी त्यांनी मला घेतलं."

"सोमवारी? आठ दिवस झाले. आज सकाळीसुद्धा आपण भेटलो होतो."

"तुझं कळलं नव्हतं ना अजून. माझं आधी सांगितलं असतं तर तू हसून अभिनंदन केलं असतंस आणि दिवसभर जेवली नसतीस. मला माहितीय ते. मी राहिलोय तसा."

छत्तीस नकारांना न रडलेली मिरी आता त्या बोळात, लोक येत-जात असताना, लहान पोरीसारखी हमसून हमसून रडायला लागली. तिनं फोन छातीशी धरला होता आणि तो तिकडून "अगं, अगं" करत होता. आवाज ऐकून करिअर ऑफिसचं दार उघडलं. कागदी रुमालांचा खोका हातात घेऊनच बाई बाहेर आल्या. त्या बोळात रडणारी मुलं त्यांना नवी नव्हती.

"कुठल्या बँकेनं नाही म्हटलं?" त्यांनी हळूच विचारलं.

मिरीनं मान हलवली. तिनं फोन त्यांच्यापुढं धरला, त्यावरचं नाव बाईंनी वाचलं आणि ते त्यांनी लगेच ओळखलं. त्यांच्या यादीतल्या एकोणतिसांपैकी तो एक.

"आम्हाला घेतलं," मिरी म्हणाली. "दोघांनाही."

बाईंनी खोका उघडला आणि पहिला रुमाल स्वतःसाठीच ओढून घेतला.